तीन बोटं

आणला तेव्हा पेन्सिलीएवढा होता.
मंगळबाजारच्या मागे इम्तियाजचं दुकान,
पिशवीला रबर, पिशवीत फुगवलेली हवा,
स्कूटरच्या हुकाला लटकत तो दांडिया बाजारातून
थेट समा रोडपर्यंत आला.
"केवढा होईल?" मी विचारलं होतं.
"टाकी जेवढी, तेवढाच," इम्तियाज म्हणाला
आणि वरचे वीस रुपये द्यायला विसरला.

टाकी बघून कुणी वाढत नाही.

त्याला नाव दिलं नाही,
नावं मात्र सगळ्यांनी ठेवली.
रसिकभाई काचेला नाक लावून म्हणाले,
"आ तो मगरनुं बच्चुं!"
लांब चपटा जबडा, दातांच्या दुहेरी रांगा,
अंगावर खवले कसले, फरशी बसवलेली.
तासन्‌तास तो हलायचा नाही,
पडलेल्या ओंडक्यासारखा पाण्यात लटकून असायचा,
आणि कोळंबी पडली की
आधी ती नाहीशी व्हायची, मग तो हलल्याचं कळायचं.

सुमेधाच्या माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा बंद.
तिनं एका कात्रीला लाल दोरा बांधला: ही त्याची.
गॅलरीत, पाटावर बसून
कोळंबीची डोकी उडवायची, मान फिरवून.
पुढे पुढे मान फिरवायची विसरली.
माझ्या आधी तिला त्याची भूक कळायची.

चौथ्या वर्षी तो साडेतीन फूट, टाकी सहा बाय दीड.
वळायचं तर स्वतःला घडी घालून वळायचा,
शेपटी काचेला लागायची. ठक.
रसिकभाई म्हणाले, "विश्वामित्रीत सोडा की!
तिथं त्याचे काका-मामा आहेत सगळे."
एकदा गेलोही, नुसताच, काला घोड्याच्या पुलावर.
खाली गाळात एक मगर जबडा उघडून पडली होती
आणि उथळ पाण्यात बोटभर मासे फिरत होते,
मगरीला वळसा घालून, रोजच्या ओळखीनं.
ह्याची ओळख त्यांना कोण करून देणार?
चहा न पिताच परत आलो.

मग त्या ऑगस्टात आजव्याचं पाणी सोडलं.
गाद्या वर नेल्या, देव वर नेले,
फ्रीज आपणहून तरंगत दाराशी गेला.
टाकी कोण उचलणार?
पाणी स्टँड चढलं, काच चढलं.
आत निवळशंख, बाहेर शेणकाल्याचा रंग,
मध्ये बारा मिलिमीटर.
दोन्ही पाणी एकमेकांकडे बघत राहिली.
काठाखाली तीन बोटं राहिली, तेव्हा थांबलं.

वीज नव्हती, पंप मुका.
ग्रॅनाइटच्या टेबलावर खुर्ची, खुर्चीवर मी,
हातात वरणाची पळी.
पाणी उचलायचं, वरून सोडायचं,
उचलायचं, सोडायचं.
जिन्यावरून सुमेधा तासातासाला हाक मारायची,
"आहेस का?"
कोणाला विचारत होती, विचारलं नाही.
पार्किंगमध्ये रसिकभाईंच्या अ‍ॅक्टिव्हाशेजारी
बॅटरीच्या झोतात दोन निखारे दिसले होते.
मधूनच तो वर यायचा, तोंड उघडायचा,
टच्‌ असा आवाज करून खाली जायचा.
गेला, वाटायचं. आता गेला.
मी पळी जोरात चालवायचो.

आठ दिवसांनी इम्तियाजकडे गेलो.
रिकाम्या टाक्या, तळाशी चिखलाची साय.
ऐकून तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा.
"काका, गार आहे तो. वर येतो, हवेचा घोट घेतो, खाली जातो.
त्याला तुमच्या पळीची गरज नव्हती."
"आणि तुझे कुठे गेले?"
त्यानं नुसता रस्त्याकडे हात केला.

भिंतीवर रेघ अजून आहे, रंग दिलेला नाही.
काल कात्री धुता धुता सुमेधा म्हणाली,
"अजून तीन बोटं आलं असतं तर?"
मी काही बोललो नाही.
टाकीत तो वळला. ठक.

त्या रात्रीही हाच आवाज येत होता,
आणि मी दाराकडे बघत होतो.